लोखंडावरचं दार

तपासनिसाने गॅसची ज्योत नाट्यगृहाच्या लोखंडी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याला लावली आणि तो मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागला. तिने रंगवलेली पायरी नेमकी तिथेच होती, दगडाची, मधोमध झिजलेली. रंग काळवंडला, एक फोड आला, फुटला, पण पेट काही घेतला नाही. तिने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. शेजारी उभा असलेला व्यवस्थापक मात्र ही पायरी आपणच रंगवल्यासारखा खूश दिसत होता.

"पास," तपासनीस म्हणाला. "खाली यायला सव्वीस सेकंद. तिसाच्या आत आहे. वजनही ठीक. या पडद्याबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

अर्जातला तो शेवटचा रकाना होता. पेन तयार धरून तो तिच्याचकडे पाहत होता.

"नाही," ती म्हणाली.

तपासनिसाने रकान्यात रेघ मारली, सही केली आणि निघून गेला.

नाट्यगृहात आग लागते ती बहुतेक वेळा रंगमंचावर. तिथे दिवे, कापडं, लाकूड सगळंच असतं. म्हणून रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये हा लोखंडी पडदा सोडायचा आणि तो आग अडवतोय तोवर लोकांनी मागच्या दारांनी बाहेर पडायचं, अशी ही साधी सोय. एरवी असा पडदा राखाडी असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण या व्यवस्थापकाला हौस दांडगी. त्याच्याकडे ठिकठिकाणच्या पडद्यांच्या फोटोंची एक फाईलच होती. एकावर खचाखच भरलेलं प्रेक्षागृह रंगवलेलं, म्हणजे प्रेक्षकांनी प्रेक्षकांकडे बघत बसायचं. एकावर नुसता अवाढव्य चष्मा. एकावर दंतमंजनाची जुनी जाहिरात, आणि ती पुसू म्हटलं तर गावभर ओरड. आपलाही पडदा बघायला लोक आले पाहिजेत, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

तिने दार काढलं होतं. भिंत, दोन पायऱ्या, अर्धवट उघडं दार, आणि फटीतून येणारं बाहेरचं पिवळं ऊन. मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसून, तिथल्या नजरेच्या रेषेने तिने सगळं आखून घेतलं होतं. चार महिने ती त्या खुर्चीवरून पडद्यापर्यंत आणि पडद्यापासून खुर्चीपर्यंत हेलपाटे घालत होती. आयुष्यात इतकं चांगलं काम आपल्या हातून झालेलं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात सफाईवाल्या मावशी बादली घेऊन सरळ त्या दारावर जाऊन आदळल्या. पाणी सांडलं, सगळे पोट धरून हसले, तीही हसली. तिला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं.

"हसताय काय?" मावशी कपाळ चोळत म्हणाल्या होत्या. "तिकडून उजेड येत होता. उजेड दिसला की माणूस तिकडेच जाणार ना!"

त्या वाक्याने तिच्या काळजात धस्स झालं, आणि तेव्हापासून ती भीती काही जाईना. जेवताना, ब्रश धुताना, आईशी बोलताना तिला लोकांची गर्दी दिसायची, आणि त्या सगळ्यांचे चेहरे पडद्याकडे असायचे.

तपासनीस गेल्यावर ती व्यवस्थापकाला म्हणाली, "मला वाटतं, दार बंद करावं."

"कुठलं दार?"

"पडद्यावरचं. फट बुजवते. उजेड काढून टाकते. संध्याकाळपर्यंत होईल."

"अहो ताई, उद्या उद्घाटन आहे! दार बघायलाच तर लोक येणार आहेत. चित्र कुठलं आणि दार कुठलं हे न कळायला लोक काय कुक्कुली बाळं आहेत?"

"मावशींना नाही कळलं."

"मावशींना चष्मा करून देऊ आपण. मोठा, त्या फोटोतल्यासारखा."

यावर तिला हसू आलं आणि विषय तिथेच संपला. खरं सांगायचं तर दार बुजवायला तिचाही हात धजत नव्हता. त्याने हुकूम सोडावा, आपण कुरकुरत तो पाळावा, एवढीच तिची इच्छा होती. तसं झालं नाही याचं तिला बरंही वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

चार वाजता आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव होता. प्रेक्षक म्हणून कामगारांच्या घरची साठेक माणसं बोलावली होती. तिने आईला आणलं आणि मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसवलं. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे चालताना ती लेकीचं कोपर धरायची. व्यवस्थापकाने माईकवरून दोनदा समजावलं: घंटा होईल, थोडा खोटा धूर येईल, पडदा खाली येईल, मग सगळ्यांनी मागे वळून दोन दारांनी शांतपणे बाहेर पडायचं.

घंटा झाली. पडदा खाली येऊ लागला. आई त्याकडे टक लावून बघत होती.

"अगंबाई," ती म्हणाली, "किती छान काढलंयस!"

धूर मात्र थोडा येईना. यंत्राचं बटण कुणीतरी पुरतं फिरवलं असावं. बघता बघता मागच्या रांगा दिसेनाशा झाल्या, लोक खोकू लागले. तेवढ्यात फटकन आवाज झाला आणि सगळे दिवे गेले. कुणीतरी किंचाळलं, "खरंच लागली!" खुर्च्या आपटल्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या, पडद्यावर उजेड टाकणाऱ्या छोट्या दिव्यांची तार वेगळी, ते तेवढे चालू राहिले.

तिने आईचा हात घट्ट धरला.

"ऊठ आई. चल."

आईला ओढत ती निघाली. कुणाच्या तरी पायावर पाय पडला, कुणाचा तरी धक्का लागला. पुढे उजेड होता. रंगमंचाच्या चार पायऱ्या आईने कशाबशा चढल्या, तिने जवळजवळ उचललंच तिला. मग आणखी दहा पावलं. दार ढकलायला तिने मोकळा हात पुढे केला.

हाताला गार लोखंड लागलं. बोटांखाली ब्रशचे फराटे होते, आडवे, किंचित वर जाणारे. ते कुणाच्या हाताचे हे तिला लगेच कळलं.

ती मागे वळली. पायऱ्यांवर, रंगमंचावर माणसंच माणसं होती, जीव मुठीत धरून तिच्या मागे आलेली. मावशी होत्या. व्यवस्थापक होता. लांब, धुराच्या पलीकडे, खऱ्या दारापाशी पहारेकरी बॅटरी हलवत ओरडत होता, "इकडे! इकडे या!" पण मागे कुणीच बघत नव्हतं.

"ढकलू नका," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "ताई आहेत पुढे. त्यांना माहितीये."

आईने तिचं कोपर दोन्ही हातांनी पकडलं होतं.

"उघड ना गं," आई म्हणाली.