बिनटाक्याची

बिबवेवाडीतलं पोळीभाजी केंद्र ललिताबाईंच्या दोन पायांवर उभं होतं, आणि हे अगदी शब्दशः खरं होतं. सकाळी ओट्याशी उभ्या राहिल्या की दुपार कलेपर्यंत त्या पोळपाट सोडून हलायच्या नाहीत. कॉम्प्युटर कंपन्यांतली पोरं डबे न्यायला यायची आणि "मावशी, तुमच्या पोळ्या म्हणजे खरं सॉफ्टवेअर" असले पांचट विनोद करायची. ललिताबाई हसायच्या आणि भार या पायावरून त्या पायावर घ्यायच्या.

डाव्या पोटरीवरच्या शिरा निळ्या, गाठाळ होऊन वर आल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळी पडून तिथे जखम झाली होती, ती काही केल्या भरेना. एके दिवशी अंघोळ करताना तिथली शीर फुटली आणि मोरी लाल झाली, तेव्हा कुठे मुलगा अभय ऑफिसला दांडी मारून आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगत होत्या. "शिरेतल्या झडपा निकामी झाल्यात. रक्त वर चढायचं, ते खालीच साचतंय. आणखी दिवस काढलेत तर जखम वाढत जाईल. पूर्वी पाय कापून शीर ओढून काढायचे. आता आत लेझरची बारीक तार घालतो आणि नस जागच्या जागी बंद करतो. टाके नाहीत. त्याच दिवशी चालत घरी जाल."

"आणि पोळ्या?" ललिताबाईंनी विचारलं.

"आठवडाभर सुट्टी. मग खुशाल लाटा. फक्त घट्ट मोजे घालायचे आणि मधून मधून बसायचं."

ललिताबाईंचं तिथेच ठरलं. गुरुवारची वेळ घेऊन त्या घरी आल्या.

घरी नणंद आलेली होती. चंद्रभागा आक्का कात्रजला राहायच्या, पण भावाच्या घरातलं पानसुद्धा त्यांच्यावाचून हलत नसे. डॉक्टर काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं आणि ललिताबाईंनी सरळ सांगितलं, "नस बंद करणार आहेत. बिनटाक्याची आहे."

आक्कांच्या हातातली बशी कलंडली. "नसबंदी? या वयात?"

खुलासा व्हायच्या आत आक्का गॅलरीत जाऊन शेजारणीशी बोलून आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. दूध आणायला गेलेल्या ललिताबाईंच्या नवऱ्याला, भीमरावांना, जिन्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. "अभिनंदन. उशिरा का होईना, सुचलं," म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

भीमराव सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. चारचौघांत हसं होईल असं आयुष्यात त्यांनी काही केलं नव्हतं. दुसरंही फारसं काही केलं नव्हतं, पण ते जाऊ दे. त्यांनी दुधाची पिशवी टेबलावर आपटली, बहिणीशी खलबत केलं आणि ललिताबाईंनीच करून दिलेला चहा पिता पिता निकाल सांगितला.

"लेझर-बिझर काही नको. आक्काच्या ओळखीचे वैद्य आहेत, ते तेल देतील. तू पाय उशीवर घेऊन घरात बस. केंद्र बंद करून टाकू. आमचं ठरलंय."

ललिताबाई ओट्याशी उभ्या होत्या. आमचं ठरलंय. हेच शब्द, हीच दोघं. धाकटा पाळण्यात होता तेव्हा आक्का त्यांना रिक्षातून दवाखान्याच्या शिबिराला घेऊन गेल्या होत्या. कुठे चाललोय, हे विचारल्यावर आक्का म्हणाल्या होत्या, "बिनटाक्याची आहे, घाबरू नकोस. आमचं ठरलंय." भीमरावांनी सही आधीच दिली होती. दोन मुलगे झाले होते, पण ललिताबाईंना मुलगी हवी होती. यशोधरा हे नावसुद्धा मनात धरलेलं होतं.

त्यांनी गॅस बंद केला. नवऱ्यासमोरची खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या आणि डावा पाय टेबलाच्या कडेवर ठेवून लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. भीमरावांनी मान फिरवली.

"बघा," ललिताबाई म्हणाल्या. "अहो, बघा म्हणते ना."

त्यांनी बघितलं. काळी कातडी, ओली जखम, दोरखंडासारख्या शिरा.

"हा पाय कोणाचा आहे?"

"लोक हसताहेत, ललिता."

"हसू देत. माझी पहिली नसबंदी तुम्ही दोघांनी ठरवलीत. मला रिक्षात बसल्यावर कळली. ही दुसरी मी ठरवलीय आणि तुम्हाला तीन दिवस आधी सांगतेय. तुमच्यापेक्षा बरीच की मी."

"तेव्हा तुझ्या भल्यासाठीच..." आक्का बोलू लागल्या.

"मला मुलगी हवी होती, आक्का."

आक्का उठून कपबशा गोळा करू लागल्या. असं त्या या घरात कधी करत नसत.

"तू कधी बोलली नाहीस," भीमराव हळूच म्हणाले.

"कोणी विचारलं?"

बुधवारी दुपारी केंद्राबाहेरच्या फळ्यावर सूचना लिहायची होती. फळा नेहमी भीमरावच लिहायचे. अक्षर छापल्यासारखं, आणि शुद्धलेखनाची चूक त्यांना अळणी आमटीइतकी खटकायची. त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं, "घरगुती कारणामुळे केंद्र गुरुवारपासून आठवडाभर बंद राहील."

ललिताबाई बाहेर आल्या. पहिले दोन शब्द त्यांनी ओल्या हाताने पुसले आणि आपल्या वाकड्या अक्षरात वर लिहिलं, "मालकीणबाईंची नसबंदि असल्यामुळे". खाली अजून एक ओळ घातली. "निर्णय मालकीणबाईंचा आहे. चौकशी करू नये."

डबे न्यायला आलेली पोरं वाचून एकमेकांकडे बघू लागली. जिन्यातले गृहस्थही येऊन चष्मा सावरत उभे राहिले. भीमरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फडकं उचललं आणि ते फळ्याकडे निघाले. ललिताबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच डाव्या पायावर भार देऊन.

"पुसायचं नाही," त्या म्हणाल्या.

"सरक जरा," भीमराव म्हणाले.

त्यांनी फडक्याच्या टोकाने एकच ऱ्हस्व वेलांटी पुसली. खडू घेऊन तिच्या जागी दीर्घ काढली, ठसठशीत.

"दी दुसरी," ते म्हणाले, आणि आतून खुर्ची आणून त्यांनी ललिताबाईंच्या मागे ठेवली.