भोंग्याचा रामजन्म

या, जवळ सरका. मागच्या आयाबायांनो, तुम्हीही पुढं या. एका रामजन्माची गोष्ट सांगतो. ऐकून तुमचाही जीव चडफडला नाही, तर मला नावं ठेवा.

चिखलीची नवी वस्ती तेव्हा नुकती बसत होती. दुष्काळात बीडकडून आलेले अर्जुनराव कंपनीत फिटर होते आणि कीर्तनाचे भारी वेडे. गावाकडं रामनवमीला कीर्तन रंगायचं ते ऐन माध्यान्हीला जन्म लागेपर्यंत. इथं पत्र्याच्या देवळात दोन भजनं, गुलाल, सुंठवडा, की झाली रामनवमी! अर्जुनरावांना ते सोसेना. त्या वर्षी त्यांनी हट्टानं देहूरोडच्या धोंडीबाबुवांना आणलं. बुवांचा घसा गेलेला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलेलं.

"अर्जुनराव, या घशात एवढा एकच रामजन्म उरलाय," बुवा म्हणाले. "त्यो तेवढा नीट लागू द्या."

घोडं अडलं ते भोंग्यापाशी. कंपनीचा भोंगा बाराला व्हायचा. अख्खी वस्ती त्यावर भाकरी थापायची आणि रामनवमीला गुलालही त्यावरच उधळायची. नेमकी त्याच सकाळी विजेच्या कपातीपायी कंपनीनं जेवणाची सुट्टी, आणि तिच्याबरोबर भोंगाही, अर्धा तास अलीकडं ओढला. अर्जुनराव रजेवर, त्यांना कोण सांगणार?

इकडं बुवा रंगात आले होते. "रामराया भरदुपारीच का जन्मला? सूर्य माथ्यावर आला म्हंजी माणसाची सावली त्याच्या पायाखाली येती. मीपणा असा पायाखाली आला, की आत राम जन्मतो. तवर वाट बघायची. आजचा उपास पोटाचा न्हाई बाबांनो, वाट बघण्याचा हाय!"

मग दशरथाचा यज्ञ मांडला. अग्नीतून पुरुष वर आला, पायसाचं पात्र अजून त्याच्याच हातात, तोच भोंगा केकाटला.

"प्रभू रामचंद्र की जय!" उत्सवाचे पुढारी मालोजीराव ओरडले. गुलाल उडाला. बाया पाळण्याकडं धावल्या.

"अहो, थांबा!" अर्जुनराव मनगटावरचं घड्याळ नाचवत उठले. "अजून अवकाश आहे! कौसल्येनं पायस चाखलं नाही आणि तुम्ही पाळणा काय हलवता?"

"तुमचं घड्याळ मागं पडतंय, राव," मालोजीराव म्हणाले. "कंपनी खोटी आन् तुमी खरे व्हय?"

"मग वर सूर्य बघा!"

"सूर्याला कुठली आलीय शिफ्ट?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

सुंठवडा हातावर पडला तसा मांडव रिकामा झाला. बुवा चिपळ्या घेऊन उभेच होते, फेट्यावर गुलाल घेऊन. अर्जुनरावांना त्यांच्याकडं बघवेना.

"त्यांचा राम झाला," बुवा म्हणाले. "माझा व्हायचाय अजून."

आणि त्यांनी पुढचं पद उचललं. ऐकायला अर्जुनराव, मृदंगावरचा खंडू आणि दापोडीहून कर्णा लावायला आलेला हनीफ.

मालोजीराव वळून म्हणाले, "हनीफभाई, बंद करा ते. लोक फराळाला बसलेत."

"बुवा उभे आहेत तोवर कसा बंद करू, भाऊ?" हनीफ जागचा हलला नाही.

सावल्या पायाशी आल्या. बुवांनी फुलं उधळली, जन्म लागला. पण पाळणा म्हणायचा तो बायांनी! अर्जुनराव धावत घरी गेले. कुसुमताई तव्यावर वऱ्याची थालीपीठं लावत होत्या.

"चल, पाळणा म्हणायचाय!"

"मघाशी म्हटला की."

"तो खोटा होता गं!"

"सगळ्या बायांनी दोरी ओढली, मी काय एकटीच उभी राहू? आणि देव काय एका दिवसात दोनदा जन्मतो? बसा, फराळ करा."

अर्जुनराव तसेच माघारी फिरले. पोचले तेव्हा पाळण्याची दोरी बुवांच्याच हातात होती. पहिलं कडवं त्यांनी कसंबसं म्हटलं, दुसऱ्याला आवाज फुटेना. नुसते ओठ हलत होते. अर्जुनरावांनी साथ धरली, पण त्यांना शब्दच येत नव्हते. लहानपणापासून तो पाळणा आईच म्हणायची, हे फक्त ऐकायचे.

बुवांनी दोरी सोडली, देवाला हात जोडले. संध्याकाळच्या एसटीनं गेले. पुन्हा कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. अर्जुनराव मालोजीरावांशी वर्षभर बोलले नाहीत. पण त्यानं काय होणार होतं?

तर बाबांनो, एवढं करा. रामनवमीला पोटात कावळे ओरडायला लागले, कुणी म्हणालं 'उरका आता', तर क्षणभर थांबा आणि धोंडीबाबुवांची आठवण काढा.