मला सॉनात वाळत घातलं त्याची गोष्ट

काळा, जड, अंगभर जाळ्या असलेला असा मी एक जुना गेम कन्सोल आहे, मित्रांनो. हल्लीची चपळ, सडपातळ यंत्रं मला बघून हसतात. हसू देत बापडी. पण फिनलंडमधल्या इसाल्मी गावात, एका साध्यासुध्या घरात माझ्यावर जो प्रसंग गुदरला, तो ऐकलात तर तुम्ही तोंडात बोट घालाल. माझा स्वतःचा अजून त्यावर विश्वास बसत नाही.

माझा जन्म लांब पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारखा वेगवान दुसरा कोणी नाही असं माझ्या खोक्यावर छापलं होतं आणि मला ते खरं वाटायचं. जहाजातून, ट्रकमधून मी इसाल्मीच्या दुकानात आलो. तिथून मला वेइयो नावाच्या बसचालकाने उचललं. घरात त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांनी मला आणलं ते त्यांच्या धाकट्या मुलासाठी, तुओमोसाठी. तुओमोला डाउन सिंड्रोम आहे. नवी गोष्ट शिकायला त्याला वेळ लागतो, पण एकदा शिकला की काळ्या दगडावरची रेघ.

तो शिकला एकच खेळ. बर्फाच्या उंच उतारावरून एक गडी पायांना पट्ट्या बांधून सुसाट खाली येतो आणि हवेत झेप घेतो. संपला खेळ. वर्षानुवर्षं आम्ही दोघं त्या गड्याला हवेत फेकत आलो. तुओमोची थोरली बहीण मेर्वी वैतागायची. "अरे, कधीतरी गाड्यांचा खेळ लाव की."

"नको," तुओमो म्हणायचा. "हा अजून झाला नाही."

पुढे तुओमो मोठा झाला आणि कुओपिओ शहरात, त्याच्यासारख्यांच्या वसतिघरात राहायला गेला. एकाआड एक शनिवारी तो टॅक्सीने घरी यायचा. आला की आधी सॉना, म्हणजे घराची लाकडी वाफेची खोली, पेटवायचा, कारण ते काम त्याचं, दुसऱ्या कुणी काडी लावलेली त्याला खपायची नाही. घाम काढून झाला की भाजलेलं सॉसेज, आणि त्यानंतर मी. मधल्या दिवसांत मला कुणी विचारत नसे. माझ्या डोक्यावर चक्क जिरेनियमची कुंडी ठेवलेली असायची. तिच्यातलं पाणी कधी कधी माझ्या जाळीत ठिबकायचं. मी काय बोलणार? गरज सरो, वैद्य मरो.

अशात माझा डोळा गेला. डोळा म्हणजे खेळाची चकती वाचणारी माझ्या पोटातली काच. एका शनिवारी तुओमोने चकती घातली, ती आत गरगर फिरली, आणि पडदा काळाच राहिला. तुओमो रडला नाही.  ताटात उरलेलं सॉसेज थंड झालं तरी त्याने हात लावला नाही. मेर्वीने धावत जाऊन स्वतःच्या मुलाचं नवंकोरं यंत्र आणलं. तुओमोने ते बघितलं, "छान आहे," म्हणाला आणि बंद केलं.

तेव्हा बाबा त्याच्यासमोर खाली बसले. "पुढच्या वेळी येशील तेव्हा हा चालू असेल."

"नक्की?"

"नक्की."

आमच्याकडे माणसं मुळात बोलतात कमी, त्यामुळे बोललेलं त्यांना परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. मला चकतीशिवाय चालवायचं, खेळ पोटातल्या साठ्यातच भरून ठेवायचा, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. त्यासाठी म्हणे माझी अंतर्गत व्यवस्थाच, म्हणजे सॉफ्टवेअर, बदलावी लागते. मित्रांनो, मी हादरलो. इतकी वर्षं इमानेइतबारे चाकरी केली, आणि आता माझी बुद्धीच बदलायची? आणि ती कशी बदलावी हे सांगणारे जगात इतके गुरू निघाले की विचारू नका. एक पोरगा चित्रफितीत हसत हसत माझ्यासारख्याच एकाच्या पाठीत स्क्रूड्रायव्हर खुपसत होता. दुसरा एक सांगे, ही तार आधी कापा. तिसरा सांगे, ती तार कापाल तर मेलात. एक लेख सुरेख होता, चित्रांसकट, पण तो माझ्या चुलतभावाविषयी होता. बाहेरून आम्ही सारखे, आतून वेगळे. तो वाचून माझ्यावर प्रयोग झाला असता तर आज ही कथा सांगायला मी उरलो नसतो.

शेवटी मेर्वीला लुमिक्को सापडली. हे एका बाईचं टोपणनाव. ती कोण, कुठली, कुणाला माहीत नाही. तिच्या लेखाची सुरुवातच अशी होती: 'आधी यंत्राच्या पाठीवर छापलेला क्रमांक बघा. तो खालच्या यादीत नसेल तर थांबा. पुढे वाचू नका. मला विचारा.'

"कामाला हात लावायच्या आधीच थांबा म्हणते ही," बाबा पुटपुटले.

"म्हणूनच हिचं ऐकायचं, बाबा. बाकीचे सगळे 'करा, करा' म्हणताहेत. कुठे करू नये ते हिलाच माहीत आहे."

मग मेर्वी मोठ्याने वाचायची आणि बाबा करायचे. क्रमांक जुळला. एका छोट्या कार्डावरून एक नवी व्यवस्था माझ्यात शिरली. मला वाटलं, आता मी मी राहणार नाही. पण राहिलो. उलट माझ्या पडद्यावर नवी यादी आली आणि तिच्यात खेळ पोटात ठेवायला जागा होती. माझ्या अधू डोळ्याने शेवटचा जोर लावला, अडखळत, थांबत सगळी चकती वाचून काढली, आणि तो बर्फाचा उतार कायमचा माझ्या पोटात आला. बाबांनी मेर्वीच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा आनंद त्या घरात मी फार दिवसांनी बघितला.

तिथेच थांबायला हवं होतं असं मला कितीदा वाटलं. पण लुमिक्कोच्या लेखात पुढे होतं: 'एवढं केलंत तर पोट उघडून घड्याळाचा कपॅसिटर, म्हणजे आतल्या घड्याळासाठी वीज साठवणारा छोटा भाग, बघा. तो म्हातारपणी गळतो.' बघितलं, तर गळलाच होता. त्याचं आंबट पाणी माझ्या सर्किटच्या पाटीवर पसरून तांब्याच्या रेघा कुरतडत होतं, आणि मला पत्ता नव्हता. मेर्वीने तो काढला, पाटी शुद्ध स्पिरिटने धुतली. पुढची सूचना होती की घरात मोकळ्या हवेवर चांगले काही दिवस वाळू द्या, घाई नको.

"शनिवार उद्यावर आलाय," बाबा म्हणाले.

"मग तुओमोला सांगायचं की वाळतोय."

"मी त्याला नक्की म्हटलंय."

"बाबा, लुमिक्को काय म्हणते ते ऐकलंत ना?"

बाबा 'हं' म्हणाले. आमच्याकडच्या 'हं'चा अर्थ हो असतोच असं नाही. मेर्वी घरी गेली आणि बाबांनी चष्मा लावून स्वतःच शोध सुरू केला. त्यांना भलतंच पान सापडलं. त्याच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, सॉनाची आग विझल्यावर जी ऊब राहते, तिच्यात यंत्र छान वाळतं, मी नेहमी तसंच करतो. त्याला एकामागून एक सगळे दुजोरा देत होते. कुणी सॉनात मोजे वाळवले होते, कुणी अळंबी, कुणी भिजलेला फोन. एकानेही माझ्यासारखा कन्सोल वाळवला नव्हता. पण आमच्या माणसांना सॉनाविरुद्ध शब्द ऐकवत नाही. त्यांच्या आज्यांचा जन्म सॉनात झालेला. बाबा तर खुशीत आले आणि जुनी म्हण म्हणाले, "सॉना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही, ते दुखणं जिवावरचंच." दारू, म्हणजे स्पिरिट, तर लावून झाली होती.

त्यांनी मला उचललं, सॉनाच्या वरच्या बाकावर ठेवलं आणि धूळ नको म्हणून टॉवेल पांघरला. तुओमोच्या नकळत बाबांनी स्वतःच पेटवलेली आग तोवर विझली होती. खोटं कशाला बोलू, ऊब बरी वाटली. मला डुलकी लागल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी बाबा सॉसेज आणायला दुकानात गेले. टॅक्सी यायची होती संध्याकाळी. पण वसतिघरातल्या कुणीतरी वेळ बदलली आणि तुओमो आधीच येऊन ठेपला. घरात कुणी नाही हे बघून त्याने आपलं काम हाती घेतलं. बर्चची लाकडं रचली, काडी ओढली.

मित्रांनो, आधी मला वाटलं, ऊब जरा वाढली. मग बाक तापला. मग माझं प्लास्टिक तापलं. मला ओरडता येत नाही, हलता येत नाही. भट्टीवरचे दगड लाल व्हायला लागले तसा तुओमो आत आला, घामेजलेला, खुशीत, आणि माझ्या शेजारीच बसला. टॉवेल म्हणजे टॉवेल, त्याखाली कोण आहे हे त्याला कसं कळावं? त्याने बादलीतून ओगराळं भरलं आणि तापल्या दगडांवर पाणी टाकलं. फस्सकन वाफेचा लोट उठला आणि टॉवेलातून, जाळ्यांतून माझ्या पोटात शिरला. माझी जो सगळ्यात जास्त वाट बघत होता, त्याच्याच हातून मला हे सोसावं लागलं.

दुसऱ्या ओगराळ्याआधी टॉवेल सरकला. तुओमोने मला बघितलं. ओगराळं तसंच हातात राहिलं. तेवढ्यात बाहेर बाबांची चाहूल लागली.

"बाबा," तुओमोने हाक मारली, "हा पण आलाय सॉनाला."

बाबांच्या हातातली पिशवी खाली पडली. ते धावत आले, मला छातीशी धरून बाहेर आणलं, आणि अंगणात थंडीत नुसतेच उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आयुष्यभर बस चालवली पण रस्ता कधी कुणाला विचारला नाही, असा हा माणूस. तो आता टेबलाशी बसून लुमिक्कोच्या लेखाखाली दोन बोटांनी तिला लिहू लागला: 'कन्सोल सॉनात होता. वाफ बसली. चूक माझी. काय करू?'

खाली टवाळांनी लगेच तोंड घातलं. सॉनातल्या रिती काढून एकाने विचारलं, 'पाठीला बर्चच्या डहाळ्यांनी झोडपलं का?' दुसरा म्हणाला, 'आता तळ्यात बुडी मारू द्या.' बाबांनी ते सगळं वाचलं आणि तरी ते तिथून उठले नाहीत.

थोड्या वेळाने लुमिक्कोचं उत्तर आलं. तोवर मेर्वीही येऊन पोहोचली होती. तिने ते तुओमोसमोर मोठ्याने वाचलं. 'चालू करू नका. पोट उघडं ठेवा, समोर पंखा लावा, आठवडाभर हात लावू नका. रोज वाटेल की आता वाळला असेल. तरी चालू करू नका. ओल असताना आत वीज खेळली तर संपलं. तो वाचेल अशी खात्री मी देऊ शकत नाही.'

"तुम्ही नक्की म्हणाला होतात," तुओमो बाबांना म्हणाला.

"म्हणालो होतो."

 मेर्वीने माझं पोट उघडून समोर पंखा लावला. तुओमो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, काळ्या पडद्याकडे तोंड करून. मेर्वी सॉसेज भाजायला गेली. बाबांनी मुलाकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्यांच्याने राहवेना. ते उठले, माझ्या पाटीवरून बोट फिरवलं आणि तार हातात घेतली.

"वरून तर कोरडा आहे. बघू तरी एकदा."

तुओमोने तळहात माझ्या बटणावर ठेवला. जड, गरम तळहात.

"नाही."

"अरे, तुझ्यासाठीच लावतोय."

"ती म्हणाली थांबा. वाळतोय तो."

बाबांनी तार खाली ठेवली. मी सुन्न झालो. त्या घरात मला चालू बघायची सगळ्यात जास्त ओढ ज्याला होती, त्यानेच मला वाचवलं. तुओमोने हात काढला नाही. मेर्वीला सॉसेज तिथेच आणून द्यावं लागलं, आणि त्याने ते एका हाताने खाल्लं.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा बाबांनी तार लावली आणि बाजूला झाले. बटण तुओमोने दाबलं. माझा दिवा लागला, पंखा घुरघुरला, पडद्यावर बर्फाचा उतार उघडला. मी वाचलो होतो. पण गडी उतारावर उभा राहिला तरी आवाज आला नाही. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मेर्वीने तारा काढून लावल्या. काही नाही. आंबट पाण्याने आणि वाफेने मिळून माझ्या आवाजाची रेघ खाल्ली होती. गर्दीचा गलका नाही, समालोचकाची आरोळी नाही. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आणि त्या शांततेत तुओमो बोलायला लागला. घोगऱ्या, भरदार आवाजात, जो त्याचा नव्हताच. "वारा डावीकडून. गडी तयार. सुटला. आणि उडाला, उडाला, अजून हवेत आहे, मंडळी, अजून हवेत आहे." माझाच समालोचक होता तो, शब्दन् शब्द. एवढ्या वर्षांत मी जे जे बोललो, ते या माणसाने साठवून ठेवलं होतं, आणि मला वाटायचं की तो फक्त बघतोय.

मित्रांनो, जुन्या यंत्राला जरूर हात लावा, त्याची बुद्धी बदला, पोट उघडा, मी रागावणार नाही. पण हात लावण्याआधी असा माणूस शोधा, जो थांबायचं कुठे ते सांगतो आणि खात्री नसेल तर नाही म्हणतो. आणि त्याने सांगितलं की थांबा, तर थांबा. मी आता मुका आहे. ही एवढी कथा सांगितली ती मनातल्या मनात. माझा आवाज तुम्हाला ऐकायचाच असेल, तर तुओमो घरी येईल त्या शनिवारी या. तो बोलतो, आणि बाबा त्याच्या शेजारी बसून प्रत्येक उडी ऐकतात.