उकंडरावांच्या काळजाचा फोटो

“हासू का आता?” उकंडरावांनी विचारलं.

“हासू नोका, हालूबी नोका, बाबा,” इंद्रभान म्हणाला.

फोटो काढायचा म्हटल्यावर उकंडराव किन्हीराजा गावाहून धुवट धोतर-टोपीत आले होते. आता ते वाशीमच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या टेबलावर आडवे होते. मनगटांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या, त्यांवर पत्र्याच्या पट्ट्या. तिथून निघालेल्या तारा इंद्रभाननं जुळवलेल्या, ठोका मोठा करणाऱ्या बॅटरीच्या डबीतून ऑसिलोस्कोपात जात, आणि त्याच्या गोल काचेवर पळणारा हिरवा ठिपका काळजाच्या प्रत्येक ठोक्याला उडी मारी. हे यंत्र कॉलेजनं विद्यापीठाच्या समितीसाठी घेतलं होतं. समितीनं यंत्र पाहिलं, चहा घेतला आणि ती गेली. तेव्हापासून ते खोळीत होतं. डेमॉन्स्ट्रेटर इंद्रभाननं रविवारपुरती किल्ली मागितली, तेव्हा प्राचार्यांनी एवढंच विचारलं, “पण वडील अभ्यासक्रमात आहेत का?”

उकंडराव चालता चालता कोसळत. एकदा तर विहिरीच्या काठावरच. डॉक्टरांच्या कार्डिओग्रामात मात्र त्यांचं काळीज नव्या जावयासारखं शिस्तीत वागे. “गॅसेस आहेत,” डॉक्टर म्हणत. “काळीज थांबतं म्हणता ना? थांबलेलं दाखवा. लगेच नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो.”

ठिपका तर आपली वाट आपणच पुसत जाई. म्हणून खिडक्या झाकून स्टुडिओवाला फुलसिंग काचेसमोर कॅमेरा लावून बसला होता.

“माणूस सोडून रेघेचा फोटू काहून, मास्तर?”

“मी ‘दाब’ म्हणलं का कॅमेऱ्याच्या तारेचं बटन दाबजो. ठिपका या टोकावून त्या टोकाले जाऊस्तोर सोडू नोको.”

“अन् बाबा?”

उत्तर उकंडरावांनीच दिलं. “माह्याकडं कोनी पाहू नोका. अदीच टेबलावर निजेल हावो, आनखी कुठी पडतो? पुढच्या वक्ताले खाली विहीर राह्यली तं?”

दुपार कलली. ठिपका इमानेइतबारे उड्या मारत होता.

“भूक लागली लेका,” उकंडराव म्हणाले. “तुह्या मायनं भाकर—”

काचेवरची रेघ सपाट झाली.

“दाब!”

फुलसिंग लग्नांचे फोटो काढणारा माणूस. तो कॅमेरा सोडून धावला आणि “बाबा, ओ बाबा” करत टोपीनं वारा घालू लागला. इंद्रभाननं झेप घेतली ती कॅमेऱ्याकडे. बटण दाबलं, दाबूनच धरलं. बापाकडे पाठ करून. ठिपका सपाट चालला होता, बढतीची आशा सोडलेल्या कारकुनासारखा. काचेवर आखलेल्या मधल्या रेघेपर्यंत गेला. पुढे गेला. टोकाला गेला, तसं इंद्रभाननं दुसऱ्या हातानं लेन्सवर टोपण घातलं.

मग एक उडी. दुसरी.

“—देली हाय ना?” उकंडरावांनी डोळे उघडले. फुलसिंगचं तोंड पाहून म्हणाले, “आला का फोटू?”

आला होता. पुढं डॉक्टरांनी तो सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. रेघ दोन्हीकडून सपाटच निघाली आणि नागपूरची चिठ्ठी मिळाली.

पण त्या घडीला इंद्रभानची मूठ काही उघडेना. फुलसिंग म्हणाला, “सोड मास्तर, झालं.” तरी नाही. शेवटी उकंडराव तारांसकट उठून बसले, लेकाला जवळ ओढलं, आणि ओल्या हातांनी त्याचं एकेक बोट बटणावरून सोडवू लागले.