झाड नागडं करू नये

"हे कालचं," त्सुने आजी काठीनं ढोसत म्हणाली. "परवाचं त्या दगडामागं आहे. तेही बघ, आलाच आहेस तर."

कुदोनं नाकाला रुमाल लावून वाकून पाहिलं. अस्वलाची विष्ठा, तीत आजीच्या दारातल्या पर्सिमॉनच्या झाडावरल्या केशरी फळांच्या अख्ख्या बिया. डोंगराच्या पायथ्याच्या या गावात तो सरकारी कारकून म्हणून लागला, तेव्हा त्याला रस्त्यांचे नकाशे काढायचे होते. आता लोक त्याला ऐन जेवणाच्या वेळी असले फोटो पाठवत. ओसाकाच्या एका बाईनं तर उपाशी अस्वलांसाठी ओकच्या फळांचं खोकं पाठवलं होतं. त्यातून पांढऱ्या अळ्या निघाल्या आणि शिस्तीत, रांगेनं कुदोच्या डब्याकडे गेल्या.

"आजी, अस्वल येऊ नये म्हणून झाडावरची सगळी फळं उतरवा, असं रोज भोंग्यावरून ओरडतोय मी."

"उतरवली की."

"मग शेंड्यावर काय होतं?"

"तीन होती. तेवढी ठेवायचीच असतात. झाड नागडं करू नये. तुझी आई ठेवायची नाही?"

ठेवायची. झाड रुसू नये म्हणून, पाखरांसाठी म्हणून. गावानं कचेरीचं पत्रक वाचून फळं उतरवली होती आणि रिवाज म्हणून प्रत्येकानं दोन-तीन ठेवली होती. त्यामुळे अस्वल वर्गणी गोळा करायला निघाल्यासारखं घरोघर फिरत होतं. इथं तर त्यानं अर्धं झाड ओरबाडलं होतं.

"शेजारून शाळेची वाट आहे, आजी. झाड पाडावं लागेल. पण तुम्ही हो म्हणाल तरच."

"अस्वलाला पाड की."

"पाडलं तर ओसाकाची बाई रडते."

"आणि मी रडले तर?"

कुदोनं खाली पाहिलं. बुटाला घाण लागली होती. ती तो गवतावर पुसत राहिला.

"यांनी लावलं, लग्नाच्या वर्षी," आजी म्हणाली. "फळ तुरट निघालं. माणूसही."

वाटेवरून पोरं गेली. अस्वलानं दूर राहावं म्हणून दप्तरांना बांधलेल्या घंटा किणकिणत होत्या. आवाज पार विरेपर्यंत आजी ऐकत राहिली. मग आत जाऊन साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन आली, बुंध्याशी ओतली आणि शेवटचा घोट स्वतः घेतला.

"चालव तुझी करवत. आणि तोंड नीट कर. मयताला आल्यासारखा उभा राहू नकोस."

पेट्रोलचा वास, विष्ठेचा वास, ओल्या भुशाचा वास. कुदोला सगळ्याचीच किळस आली. सगळ्यात जास्त, सराईतपणे चालणाऱ्या आपल्याच हातांची.

झाड पडलं आणि आजीचं स्वयंपाकघर उघडं पडलं. इतकी वर्षं दाट फांद्यांआड राहिलेल्या त्या खिडकीला पडदाच नव्हता. एक वाडगा, दोरीवर वाळणारे आतले कपडे, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. आजी लगबगीनं आत गेली. अंगातला एप्रन सोडून खिडकीवर अडकवू लागली. हात पुरेना. स्टूल आणायला ती वळली.

कुदोनं करवत बंद केली. खिडकीसमोर जाऊन, तिच्याकडे पाठ करून, तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.