नव्या नावाचं जुनं इंजिन

मी एक इंजिन बोलतोय. ट्रॅक्टरचं नव्हे, कम्प्युटरवरच्या गेमचं. गेममध्ये ट्रॅक्टर पळतो, ट्रॉली हेलकावे खाते, मध्येच म्हैस आडवी येते, ते सगळं पडद्यामागून घडवून आणतो तो मी. मला कोणी बघत नाही. पूर्वी त्याचं वाईट वाटायचं, हल्ली बरं वाटतं. तोंड लपवायला जागा तरी आहे.

माझा जन्म बिलोलीचा. लुंबिनी नांदेडला इंजिनिअरिंग करून घरी आली आणि कपाटाला टेकवलेल्या टेबलावर तिनं मला लिहायला घेतलं. तिचे वडील मारोतीकाका तहसीलमधून कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, वायर निघाली की अंधार. आणि तेव्हाच्या लाईटचं तर विचारूच नका. लुंबिनीनं तासभर गेम तपासावा आणि ऐन वळणावर लाईट जावी. शेवटी वैतागून तिनं मला पळायच्या आधी साठवायला शिकवलं. थोड्या थोड्या वेळानं मी क्षणभर थबकतो, जे जिथं असेल ते जपून ठेवतो आणि पुढं निघतो. तेवढ्या क्षणात ट्रॅक्टरची चाकंही थांबतात. मोठ्या शहरातलं कुणी असलं इंजिन लिहिणार नाही. त्यांच्याकडे लाईट असते.

माझ्यावर तिनं ‘डबल ट्रॉली’ हा गेम बसवला. निलंग्याकडच्या रस्त्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या न उलटवता कारखान्यापर्यंत न्यायच्या, एवढंच. तो लोकांपर्यंत नेण्याचं काम लातूरच्या वरदनं अंगावर घेतलं. वरद तिचा कॉलेजातला मित्र आणि आता भागीदार. त्याची आई शिक्षिका, त्यामुळे याचाही आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. गेम चालला. माझ्या थबकण्याला खेळणाऱ्यांनी ‘उचकी’ नाव ठेवलं. लाईट जाऊन आली तरी ट्रॉली जागच्या जागी सापडायची, म्हणून उचकीवर कोणी रागावलं नाही.

सगळ्यात जास्त खेळले ते मारोतीकाका. जेवण झालं की चष्मा पुसून बसायचे. ट्रॉली धाडकन पडली की लुंबिनीची आई, नागुबाई, आतून विचारायची, “पाडली का पुन्ना?”

“न्हाई, वळवायलोय,” काका म्हणायचे. त्यांच्या तोंडून तोवर मी ऐकलेलं खोटं एवढंच. तहसीलमध्ये नोकरी करून हा माणूस इतका सरळ कसा राहिला, याचं गावाला अजून नवल आहे.

मग दुसरा भाग काढायचं ठरलं आणि लुंबिनी त्यासाठी लातूरला राहायला गेली. बातमी फुटताच लोक लिहू लागले, जुनंच इंजिन रंगवून देणार असाल तर तुमच्याजवळच ठेवा. वरदला ते झोंबलं. एका मुलाखतीत त्याला विचारलं, इंजिन तेच आहे का? तो म्हणाला, “पहिल्या ओळीपासून नवं.” लुंबिनी शेजारीच बसली होती. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिली.

आता खरं काय ते सांगतो. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. तिला कोणी जुनी लुगडी म्हणत नाही, पण ती दुकानातून आणली असंही कोणी सांगत नाही. माझं तसंच होतं. दिलेला शब्द खरा व्हावा म्हणून लुंबिनी खूप झटली. उजेड नवा घातला, धूळ नवी, चिखल नवा. पण उचकी काढून टाकली की दोन्ही ट्रॉल्या आभाळात उडायच्या. माझा सगळा डोलारा त्या उचकीवरच उभा होता. शेवटी तिनं उचकी आखूड केली आणि माझं नाव ‘अग्निवेग’ ठेवलं. माझ्या अगदी पहिल्या ओळीत तिनं स्वतःचं आणि बिलोलीचं नाव लिहून ठेवलं होतं. कुणी उकरलं तर वय कळेल म्हणून तेही पुसलं. जुना असण्याची मला कधीच लाज नव्हती. पण त्या दिवसापासून मला माझीच लाज वाटू लागली, कारण जिनं घडवलं तिलाच मी तिचा आहे हे सांगता येईना.

दुसरा भाग बाजारात आणायचा कार्यक्रम लातूरला एका मंगल कार्यालयात ठेवला. जेवणाच्या टेबलांवर कम्प्युटर मांडले. मागं फलक होता, ‘संपूर्ण नवं इंजिन’. मारोतीकाका इस्त्रीचा शर्ट घालून बिलोलीहून आले होते. त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी ट्रॅक्टर काढला, वळण घेतलं आणि मला उचकी लागली. काका हसले.

“लुंबिनी, हे तर आपलंच हाय की,” ते मोठ्यानं म्हणाले. “लाईटीच्या भेवानं थांबायलंय बघ.”

किती कौतुक होतं त्या आवाजात. लुंबिनीचा चेहरा उतरला. वरद घाईघाईनं म्हणाला, “काका, भास झाला असेल तुम्हाला.”

तेवढ्यात उदगीरचा गुरुपादप्पा मोबाईल धरून पुढं आला. तो गेमचे व्हिडिओ करतो आणि लोक त्याचं ऐकतात. “काका, पयला भाग तुमी लई खेळलाव म्हणं. खरं सांगा, इंजिन त्येच हाय का नवं?”

काकांनी फलकाकडं पाहिलं. मग लेकीकडं पाहिलं. ती फरशीकडं बघत होती. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “नवंच हाय. मला म्हाताऱ्याला काय कळतंय.”

मला त्या क्षणी बंद पडता आलं असतं तर मी पडलो असतो.

“पप्पा, असं बोलू नका,” लुंबिनी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ती मोबाईलसमोर आली. “इंजिन जुनंच आहे. बरंच बदललंय, पण आहे तेच, मी बिलोलीत लिहिलेलं. आम्ही खोटं सांगितलं.”

वरद स्टूल घेऊन आला. मग स्टुलावर चढून त्यानंच फलक सोडवायला घेतला. एक गाठ काही केल्या सुटेना. कोणी मदतीला गेलं नाही, शेवटी लुंबिनीच गेली.

लोकांनी थोडी टर उडवली आणि विसरूनही गेले. “जुनं तर जुनं, चालायलंय की,” असंच बहुतेकांनी लिहिलं. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. माझ्या माथ्यावर लुंबिनीचं नाव परत आलं आहे. ‘अग्निवेग’ हे नाव कोणी घेत नाही.

पण मारोतीकाकांनी मला पुन्हा सुरू केलेलं नाही. ते रागावलेले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ते लेकीचा फोनही घेत नाहीत. चारचौघांत आपण लेकीसाठी खोटं बोललो आणि लेकीनंच ते सगळ्यांसमोर खोडलं, याची त्यांना शरम वाटते आहे. लुंबिनी रोज घरी फोन करते. नागुबाई उचलते आणि म्हणते, “टीव्ही बघायलेत गं.” मागं टीव्हीचा आवाज नसतो.

तुमच्यापैकी कोणी बिलोलीकडं जाणार असेल तर तहसीलमागच्या गल्लीत त्यांचं घर विचारा. चहा घ्या. त्यांना सांगा, चूक आमची होती, तुम्ही ती अंगावर घेतलीत. ते म्हणतील, जाऊ द्या ओ. तेवढ्यावर उठू नका. लुंबिनीचा नंबर लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या. मला उघडलं नाही तरी चालेल.