मागे बसलेला फ्रेमियो

मित्रांनो, मी एक जुनी पासोला आहे. तुम्ही मला स्कूटर म्हणाल, पण आमच्या बाराओना या समुद्रकाठच्या गावात लहानथोर सगळे पासोलाच म्हणतात आणि मला ते नाव आवडतं. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या लोकांनी मला काही वर्षं वापरलं. मग नवी गाडी घेतली आणि मला इतर जुन्या गाड्यांबरोबर जहाजात भरून दिलं. बंदरावर उतरले तेव्हा माझा निळा रंग अजून टवटवीत होता. फ्रेमियोने माझ्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हीच."

फ्रेमियो मासळी विकायचा. त्याच्या पायांमध्ये मासळीची पेटी, मागे त्याची बायको देयानिरा आणि तिच्या मांडीवर दुकानांत द्यायचा नारळाच्या वड्यांचा डबा, अशी आमची स्वारी निघायची. समुद्राचा वारा लोखंडाला खातो, म्हणून घरी आल्यावर तो मला गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसायचा. गल्लीतले लोक हसायचे.

"काय रे फ्रेमियो, बायकोपेक्षा गाडीलाच जास्त पुसतोस!"

"बायको मला पुसत नाही ना," तो म्हणायचा, "म्हणून हिला पुसतो."

आतून देयानिराची चप्पल भिरभिरत यायची. ते सुखाचे दिवस होते, मित्रांनो. पण तेव्हा ते रोजचेच वाटायचे.

मग फ्रेमियोच्या साखरेच्या आजाराने त्याचे डोळे खायला सुरुवात केली. हे सर्वांत आधी मला कळलं. जे खड्डे तो सहज चुकवायचा, ते आता माझ्या चाकाखाली येऊ लागले. एके दिवशी भर उन्हात आम्ही केळ्यांच्या उभ्या गाड्यावर आदळलो. केळीवाला ओरडला, "अरे, एवढे घडच्या घड दिसले नाहीत तुला?" फ्रेमियो हसला. पण त्यानंतर तो माझ्यावर बसला नाही. मला ढकलत घरी आणलं, आंब्याखाली उभं केलं आणि पुन्हा किल्ली हातात घेतली नाही.

मासळीचा धंदा बसला. उरल्या नारळाच्या वड्या. देयानिरा म्हणाली, "मी शिकते पासोला."

"तू? म्हातारे, तुला सायकल तरी येते का?"

"तू शिकलास तेव्हा तुला काय येत होतं?"

"शीक बाई, शीक. पण तू पुढे बसलीस की मी मागे बसणार नाही. पायी जाईन."

दुपारी गाव झोपलं की ती मला चेंडूफळीच्या मैदानावर घेऊन जायची. शेजारीण मिरेया माझी सीट मागून धरून पळायची. मिरेया जाडजूड, पन्नाशीची, तिलाही गाडी येत नव्हती, पण सल्ले भरपूर. "समोर बघ गं! चाकाकडे काय बघतेस, ते कुठे पळून जात नाही!" देयानिरा घाबरली की दोन्ही ब्रेक गच्च आवळायची आणि आम्ही दोघी आडव्या व्हायचो. कधी वाळूत, कधी कुंपणात. एकदा तर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरी अंगावर ओढून आम्ही पडलो.

माझा आरसा फुटला, ब्रेकची दांडी वाकली, पुढचं कवच तडकलं. चिचो मिस्त्रीने कवचाला भोकं पाडली आणि तारेने टाके घातले. "मावशी," तो म्हणाला, "आणखी एकदा पडलात तर हिला शिवणाऱ्या बाईकडे न्या. माझी तार संपली."

हे सगळं फ्रेमियोपासून लपवलं होतं. पण एका संध्याकाळी तो चाचपडत आंब्याखाली आला. त्याने माझ्या अंगावरून बोटं फिरवली. दांडी, कवच, तारेचे टाके, पायाजवळचा पोचा आलेला पत्रा. मला वाटलं, आता हा चिडणार. देयानिरा दारात श्वास रोखून उभी होती.

"इथे डावीकडे पडलीस," तो म्हणाला. "वाळूत पुढचा ब्रेक दाबलास. आणि हे... हे काय, भिंत?"

"कुंपण."

मग तो खुर्ची मागवून दारात बसला. "चालू कर. मला दिसत नाही, ऐकू येतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये."

त्या दिवसापासून तो कानांनी शिकवू लागला. "घाबरलीस ना आत्ता? इंजिन सांगतंय!" "आता वळताना श्वास सोडलास, छान!" गल्ली दारात जमायची. आणि एका रविवारी, कुणी काही न म्हणता, फ्रेमियो उठला, चाचपडत माझ्याकडे आला आणि मागे बसला. त्याने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. मिरेया ओरडली, "काय रे, पायी जाणार होतास ना?"

"पाय दुखतात," तो म्हणाला.

आम्ही समुद्रापर्यंत गेलो. त्याला समुद्र दिसला नाही, पण त्याने तोंड वाऱ्याकडे करून ठेवलं होतं. मी इतकं हलकं ओझं कधी वाहिलं नाही.

पुढचं सांगायला मला जड जातं.

एका सकाळी बाजाराच्या वळणावर एक बकरी आडवी आली. देयानिराने ब्रेक दाबला. आम्ही अगदी हळू होतो, पडलो म्हणण्यापेक्षा कलंडलो. वड्या रस्त्यावर विखुरल्या. देयानिराचा तळहात सोलला. फ्रेमियोचा पाय क्षणभर माझ्याखाली आला.

"लागलं का रे?"

"छे! मला काही झालं नाही. गाडी बघ आधी."

आणि तिने गाडी बघितली. आरसा गेला होता, दांडी पुन्हा वाकली होती. सगळे माझ्याभोवती जमले. चिचोने दांडी सरळ केली, दुसऱ्या गाडीचा आरसा मला बसवला. फ्रेमियो तोवर चिचोच्या दुकानातल्या टायरांच्या ढिगावर बसून विनोद करत होता. त्याच्या बुटात करंगळीला रक्त आलं होतं. माझ्याच पत्र्याने कापलं होतं ते. मला माहीत होतं, मित्रांनो. पण आम्हाला तोंड नसतं.

दुसऱ्या दिवशी देयानिरा मिरेयाकडे गेली असताना तो माझ्यापाशी आला. बूट काढून त्याने पायाला फडकं गुंडाळलं. साखरेमुळे त्याच्या पायांना दुखणं नीट कळतच नव्हतं. मला थोपटून तो म्हणाला, "तू गप्प राहा. तिला कळलं तर ती पुन्हा बसायची नाही. एवढीशी करंगळी, भरून येईल."

ती भरून आली नाही. त्याला ताप चढला. पाय काळानिळा झाला तेव्हा कुठे देयानिराने तो पाहिला. तिने त्याला स्वतःच्या पाठीशी ओढणीने बांधलं आणि मला चालू केलं. त्या दिवशी ती एकदाही चुकली नाही. खड्डे, वळणं, बाजाराची गर्दी, सगळं तिने पाण्यासारखं कापलं. मागून फ्रेमियो ग्लानीत पुटपुटत होता, "छान... श्वास सोड... छान."

डॉक्टरांनी आधी करंगळी काढली, मग पाऊल. मग काढण्यासारखं काही उरलं नाही.

ती पायी परत आली. मला चिचो घेऊन आला. फ्रेमियो गेल्यानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्यावर आंब्याखाली बसून ती मिरेयाला म्हणाली, "शेवटी सांगितलं त्याने मला. म्हणाला, तू किती छान चालवायला लागली होतीस, ते मोडायचं नव्हतं. मिरेया, मी आरसा बघत बसले गं. फुटका आरसा!" मिरेयाने तिला जवळ घेतलं.

मग माझ्यावर धूळ बसली. कोंबड्या माझ्या सीटवर झोपू लागल्या. साखळदंडाने मला झाडाला बांधून देयानिरा डोक्यावर डबा घेऊन पायी जायची. शेवटी मिरेयाच एक दिवस उभी राहिली. "तुझे गुडघे गेलेत. तू नको बसूस, मी बसते. शिकव मला."

"नाही."

"मग मी एकटीच शिकेन आणि मरेन."

देयानिराने साखळदंड सोडला. मैदानावर मिरेया पुढे बसली आणि देयानिरा मागून सीट धरून पळू लागली. दमली, हात सुटला, आणि मिरेया माझ्यासकट धाडकन वाळूत पडली. माझा दिवा फुटला.

"अगं बाई, दिवा गेला! बघ तरी तुझी गाडी!"

देयानिराने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती वाळूत गुडघ्यांवर बसली. "मरू दे गाडी. चप्पल काढ."

"मला कुठे काय झालंय?"

"काढ म्हणते ना!"

तिने मिरेयाची दोन्ही पावलं मांडीवर घेतली, वाळू झटकली आणि एकेक बोट वेगळं करून, उन्हाकडे धरून पाहिलं. मिरेया आधी हसत होती. मग तिचं हसू थांबलं आणि ती आपली पावलं तिच्या हातांत ठेवून बसून राहिली.

मित्रांनो, माझ्या अंगावर कितीतरी टाके आहेत. लोखंडाला चिचो भेटतो, कधी ना कधी भेटतोच. म्हणून माझं एवढं ऐका. पडलात तर मला तशीच पडू द्या. आधी सोबतच्या माणसाकडे बघा. तो हसून "काही नाही" म्हणाला, तरी बघा. आणि तुमचं स्वतःचं रक्त येत असेल, तर आपल्या माणसापासून ते झाकू नका.